दोन बेंजो, एक हात

१८ फेब्रुवारी २०१८
रेकॉर्डिंग सुरू. आईचं भीमगीत. तिनंच रचलेलं, वरवट बकालात दर जयंतीला तीच गाते. या १४ एप्रिलला मात्र स्पीकरवर माझं रेकॉर्डिंग वाजेल. आधी बेंजो. एकदा वाजवायचा, मग तोच पुन्हा. एक डाव्या कानात, एक उजव्या. डबल ट्रॅकिंग! स्टुडिओ म्हणजे कापसाची खोली. बोंडअळीतून वाचलेला ढीग आहे, आवाज घुमत नाही. दोन दिवसांचं काम. मग आई गाईल.

२१ फेब्रुवारी
दुसरा बेंजो पहिल्याच्या पुढे पळतो. कॉम्प्युटर स्लो. सहदेवकाका, आमचे ढोलकीवाले, म्हणे, तुह्या हातालेच घाई हाये बे. ज्यांना माऊस धरता येत नाही, ते मला शिकवतात! काका बाद.

२ मार्च, दुपारी
टेक ४१. ऐन मध्यात मंजुश्रीनं दार उघडलं. म्हणे, जेवता काय? बायकोला रेकॉर्डिंगचा लाल दिवा कळत नाही. दिवा लावलेला नाही, पण कळायला पाहिजे.

९ मार्च
संताप! मी बेंजोच्या तारा आणायला गेलो, तर आईनं कापूस विकून टाकला. काऊन विकला, विचारलं. म्हणे, त्याची धूळ खाऊन गळा बसला माह्या, गाऊ कशी? खोली आता विहिरीसारखी घुमते.

२७ मार्च
टेक ११२. मोबाईल दुरुस्तीवाल्या फहीमला ऐकवलं. त्याचा कान तयार आहे. म्हणे, भाई, दोन माणसं एकाच दारातून घुसून राह्यले असं वाटते. एकच ठेव, मावशीले गाऊ दे.
फहीमचा कान बिघडला आहे.

८ एप्रिल
आई पांढरं लुगडं नेसून खोलीत येऊन बसली. म्हटलं, आधी बेंजो होऊ दे. दोन तास बसली. उठताना म्हणे, बाबू, तुह्या बेंजोले एकट्याले भेव लागते काय? मी दार आपटलं. टेक चांगला चालला होता, दाराच्या आवाजानं गेला.

१३ एप्रिल
झालं नाही. दोष कॉम्प्युटरचा, काकांचा, मंजुश्रीचा, फहीमचा. आईचाही.

१५ एप्रिल
काल आई माईकसमोर उभी राहिली. काकांनी ढोलकी हळू धरली. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज फाटला, तशा समोरच्या बाया गाऊ लागल्या. मग सगळी वस्ती. फहीमनं मोबाईलवर घेतलं.
आज ते मला चार जणांनी पाठवलं. बेंजो कुठं आहे, असं एकानंही विचारलं नाही.