गळक्या किटलीचा वेग

९ जानेवारी

ती. मामास,

कृ. शि. सा. न. वि. वि. ही सगळी अक्षरं तूच पाठ करून घेतलीस, म्हणून अजून लिहिते. नाहीतर माझ्या वयाचं कुणी लिहीत नाही.

सोबतचं खोकं जपून उघड. आत गाण्यांची तबकडी आहे. मामीलाही आधीच सांगून ठेव, कारण मागे मी पाठवलेला आरसा तिने चहाचा ट्रे म्हणून वापरला होता.

मी ज्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते, त्याच्या मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिथले लोक सायकली भिंतीवर टांगतात, चाळीस खुर्च्या मांडतात आणि गाणंबजावणं होतं. मागच्या शुक्रवारी 'रविवारचे सुतार' नावाचा बँड ऐकला. पाच जणांत तिघी बायका, सुतार एकही नाही. या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, गिटार, उभं मोठं बेस आणि मामा, मँडोलिन! ढोल नाही, तबला नाही. ठेका धरायचं काम मँडोलिनचंच. पाचही जण एकाच माइकभोवती उभे राहतात, ज्याची पाळी तो पुढे येतो, वाजवतो आणि मागे सरकतो. एकमेकांचा धक्का कसा लागत नाही देव जाणे. सगळा वेळ मला तुझीच आठवण येत होती.

तबकडी दुसऱ्या बँडची आहे, 'गळकी किटली'. मी स्वतः ऐकलेली नाही, माझ्याकडे वाजवायला यंत्र कुठे आहे? पण सायकलवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की यातलं मँडोलिन ऐकल्यावर माणूस जेवायला उठत नाही. ऐकून कळव. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मी शेफारेन.

तुझी,
भिंगरी


२४ जानेवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तबकडी पोचली, मामीने तिच्यात चहा ठेवला नाही.

आपलं तबकडीचं यंत्र बारा वर्षं माळ्यावर पडून होतं. जुन्या तबकड्या तर तेव्हाच देऊन टाकल्या. यंत्र खाली काढलं, उघडलं, आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. नवा पट्टा आणून बसवला, तेल घातलं, दोन दिवसांत सुरू. पट्टा विकणाऱ्या दुकानदाराने यंत्र फेकून द्या असा सल्ला दिला होता. बेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला हा सल्ला! पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही.

आणि भिंगरे, काय वाजवतात गं ही पोरं! वाऱ्यावर स्वार झाल्यासारखी सुटतात. गाणारी मुलगी अगदी कोवळ्या आवाजाची आहे, सोळा-सतराची असावी. मँडोलिनवाल्याची बोटं कशाची बनली आहेत तेच कळत नाही. मी तिसरी धून सात वेळा ऐकली. मामी म्हणाली की हे लोक गाडी चुकेल म्हणून घाईत वाजवतात काय. तिला यातलं कळत नाही.

आता खरी बातमी. इथल्या वाचनालयाच्या तळघरात दर गुरुवारी चार जण जमतात आणि हेच संगीत वाजवतात. ग्रंथपाल बँजो वाजवतो, दंतवैद्यीणबाई फिडल, एक बसचालक बेस आणि त्याची बायको गिटार. त्यांचा मँडोलिनवाला गाव सोडून गेला. एप्रिलात ही तुझी गळकी किटली इथे येणार आहे आणि तिच्याआधी अर्धा तास यांना वाजवायचंय. त्यात तिसरी धून आहे. ग्रंथपालाने घरी येऊन मला गळ घातली. मी सांगितलं की आधी घरी तयारी करीन, मगच येईन. कच्च्या तयारीने मी कुणापुढे बसत नाही, तुला ठाऊक आहे. पण हो म्हणालो. तीस वर्षं एकट्याने खोलीत बसून वाजवलं गं, आता चारचौघांत वाजवायला मिळणार. तुझ्या मामीपासून लपवतोय, पण फार आनंदात आहे.

प्रकृतीला जप. काचा घासताना डोळ्यांवर चष्मा लाव.

तुझा,
मामा


५ फेब्रुवारी

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि आनंदाने एक काच जास्तच घासली. चूक माझी, पण भुर्दंड तुझ्या नावावर.

इकडे माझं वेड वाढतंय. दुपारच्या सुट्टीत तबकड्यांच्या दुकानात उभी राहून कव्हरं वाचते. कोण वाजवतं, कुठल्या स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रण केलं, कुणी कुणाशी लग्न केलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मागच्या आठवड्यात दोन भावांची जोडी ऐकली. दोघे गाण्यांमध्ये एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि गाणं सुरू झालं की गळ्यात गळा. दर शुक्रवारी एक नवा बँड, आणि दर शुक्रवारी मला वाटतं की यापेक्षा चांगलं काही नसेल. पुढच्या महिन्यात किटलीवालेही आमच्या सायकलींखाली येणार आहेत. मी पहिल्या रांगेची खुर्ची आत्ताच सांगून ठेवलीय.

तयारी कुठवर आली? उत्तर वेळेवर धाड, तू घड्याळजी आहेस.

तुझी,
भिंगरी


२६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, कारण सांगण्याजोगं काही नव्हतं.

तिसऱ्या धुनेसाठी तीन तारा तुटल्या. किटलीवाल्यांचा सूर माझ्या सुराशी काही केल्या जुळेना, तो वर चढवायला गेलो आणि टणकन गेल्या. त्यात त्यांचा छापखाना गलथान. कव्हरवर धुनेची लांबी चार मिनिटं तीन सेकंद छापली आहे. मी घड्याळ लावून मोजली, बरोबर तीन मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. लोक हल्ली छापण्याआधी मोजतही नाहीत.

महिनाभर रोज चार तास बसलो. धुनेचा दोन-तृतीयांश भाग कसाबसा सोबत पळतो, मग बोटं अडखळतात आणि ती पुढे निघून जाते. काल ग्रंथपालाला निरोप धाडला की दुसरा माणूस पाहा. तू मनाला लावून घेऊ नकोस. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने आपलं माप ओळखावं. तबकडी फार चांगली आहे, दोष तबकडीचा नाही.

तुझा,
मामा


४ मार्च

चि. भिंगरीस,

मामीचे आशीर्वाद. हे पत्र मी शिलाई मशीनवर लिहितेय, म्हणून अक्षर हललंय, आणि ह्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

ह्यांनी मँडोलिन पेटीत घातलंय आणि किराणा दुकानाच्या काचेवर 'विकणे आहे' अशी चिठ्ठी लावली आहे. मला विचारलंही नाही, मला ती चिठ्ठी साखर आणायला गेल्यावर दिसली. एक बँकेतला माणूस पुढच्या आठवड्यात शनिवारी न्यायला येणार आहे. मी भांडले, तर म्हणाले की बोटं म्हातारी झाली, आता ठेवून काय पूजा करायची. वर हसले. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. संध्याकाळी खुर्चीत नुसते बसतात आणि स्वतःचे हात उलटसुलट करून बघतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली, हा माणूस चिडलेला चालतो मला, गप्प झालेला नाही चालत.

तू काहीतरी कर. तुझं ऐकतात, माझ्याशी नुसता वाद घालतात.

तुझी,
मामी


८ मार्च

ती. मामास,

नमस्कार नंतर, आधी हे पत्र पूर्ण वाच. फोन मुद्दाम केला नाही. तू मध्येच बोलून तो ठेवून दिला असतास. पत्राशी वाद घालता येत नाही.

काल किटलीवाले आले. मी पहिल्या रांगेत बसून त्या कोवळ्या आवाजाच्या मुलीची वाट बघत होते. माइकपाशी आला एक पन्नाशीचा दाढीवाला, दुधाचा टँकर चालवतो म्हणे, आणि त्याने तोंड उघडलं तर आवाज विहिरीतून यावा तसा जाड! तिसरी धूनही वाजली. सुंदर वाजली, पण मामा, निवांत वाजली. माझ्या शेजारची बाई तिच्या तालावर पाय हलवत विणकाम करत होती.

मध्यंतरात मी धीर करून त्यांच्याकडे गेले आणि विचारलं की तबकडीवर गाणारी मुलगी कुठे आहे. दाढीवाला म्हणाला की अशी मुलगी कधी नव्हतीच, ती सगळी गाणी त्याच्याच आवाजात आहेत. मग मी तुझी सगळी हकिगत सांगितली, चार मिनिटं तीन सेकंदांची धून तुझ्याकडे तीन मिनिटांत संपते तीसुद्धा. बेसवाला मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. त्याने विचारलं की तुझ्या मामांनी पट्टा कुठल्या पायरीवर बसवलाय?

मामा, यंत्राच्या चकतीखाली मोटरचं चाक आहे ना, त्याला दोन पायऱ्या असतात. बारकी पायरी मोठ्या तबकड्यांसाठी, जाडी पायरी छोट्या तबकड्यांसाठी. तू पट्टा जाड्या पायरीवर चढवला आहेस. तुझ्याकडे ती तबकडी दीड महिना सव्वापटीहून जास्त वेगाने फिरतेय!

त्यांची मँडोलिनवाली मात्र हसली नाही. तिने मला दोनदा विचारलं की त्या वेगात तुम्ही खरंच दोन-तृतीयांशापर्यंत जाता का. मी हो म्हटलं. ती म्हणाली की तिला स्वतःला ते जमलं नसतं.

आता ऊठ आणि पट्टा बघ. आणि किराणा दुकानाच्या काचेवरचं काय ते मला माहीत आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. विकलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि मी न बोलणं किती कठीण आहे ते तुला ठाऊक आहे.

तुझी,
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र मागच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी आलं. वाचून आधी मी भयंकर चिडलो. मी बसवलेला पट्टा चुकेल? मामीने पेचकस आणून माझ्या हातात दिला.

जाड्या पायरीवरच होता.

बेचाळीस वर्षं सगळ्या गावाची घड्याळं वेळेवर लावली आणि घरातलं एक यंत्र दीड महिना पळत होतं ते मला कळलं नाही. यात छापखान्याला शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. ही गोष्ट गावात कुणाला कळली तर मी घर बदलीन.

पट्टा बदलला, सुई ठेवली. दाढीवाला गायला लागला. मामी म्हणाली की ही तर वेगळीच तबकडी आहे आणि ही तिला आवडते. मग मी पेटीतून मँडोलिन काढलं आणि तिसरी धून लावली. भिंगरे, सुरांच्या मध्ये केवढी जागा होती! मी सोबत गेलो, शेवटपर्यंत गेलो, आणि संपल्यावर मला हुंदका आला. माझी बोटं म्हातारी झाली नव्हती गं. मी उगाच त्यांना निरोप देऊन बसलो होतो. तुला सांगायला लाज वाटत नाही, मामीपुढेच रडलो आणि तिने मला रडू दिलं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, बँकेतला माणूस आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. बिचारा हिरमुसला. ग्रंथपालाकडे मी स्वतः गेलो. त्यांना अजून दुसरा कुणी मिळाला नव्हता. पहिल्या गुरुवारी मी सगळ्यांच्या पुढे धावत सुटलो, तेव्हा दंतवैद्यीणबाई म्हणाल्या की तुमच्यामागे कुणी लागलेलं नाही, सावकाश या. त्या दात काढतानाही असंच बोलत असणार.

मामी म्हणते तिने तुला पत्र लिहिलं नव्हतं. मी विश्वास ठेवला असं दाखवलंय.

तुझा,
मामा


१८ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. सुट्टी न मिळाल्याने तू येऊ शकली नाहीस, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सभागृह भरलं होतं. आमचा अर्धा तास बरा झाला. बसचालकाने एकदा ठेका सोडला, मी धरून ठेवला. मग किटलीवाले आले आणि त्यांनी दीड तास असं वाजवलं की मी माझी खुर्ची पुढे पुढे सरकवत मंचाच्या पायऱ्यांपर्यंत नेली. शेवटच्या धुनेला मँडोलिनवालीने मला वर बोलावलं. सगळा तुझ्या तोंडाचा प्रताप! तिने सगळ्या सभागृहाला माझ्या यंत्राची हकिगत सांगितली. गाव खो खो हसलं. पळून जावंसं वाटलं, पण मामी तिसऱ्या रांगेत सगळ्यांत मोठ्याने हसत होती, मग कुठे पळणार?

ती म्हणाली की आता तिसरी धून मामांच्या घरच्या वेगाने. आणि सुरुवात केलीसुद्धा.

मी डोळे मिटून घेतले. माझ्या खोलीत मिटायचो तसेच. एवढंच आठवतं की बोटं पुढे होती आणि मी त्यांच्यामागे. फिडल बंद पडल्याचं मला कळलं नाही. बँजो थांबल्याचं कळलं नाही. दरवेळी अडखळायचो ती जागा कधी गेली तेही कळलं नाही. धून संपली, डोळे उघडले, तर सगळे वाद्यं खाली धरून माझ्याकडे बघत उभे. निम्म्यानंतर मी एकटाच वाजवत होतो म्हणे. दोन सूर चुकले, ते दंतवैद्यीणबाईंनी नंतर मोजून सांगितले.

घरी येताना मामी माझा हात धरून चालली. एरवी ती पिशवी धरते.

पुढच्या महिन्यात मला एकोणसत्तरावं लागेल. तुझे आशीर्वादाचे दिवस अजून आले नाहीत, तेव्हा नुसती माया ठेव. गुरुवारसाठी ग्रंथपालाने नवी धून दिली आहे. फार अवघड आहे. अजून जमत नाही. जमेल.

तुझा,
मामा