माझ्या मागे घ्यायचा होकार

बिस्मिल्लाह. मी, शमशुद्दीन इब्राहिम पेवेकर, वय सत्त्याहत्तर, मूळ गाव दापोली तालुक्यात, हल्ली राहणार मरोळ, अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखलाही जोडला आहे. शरीराचं तसं म्हणता येणार नाही, कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तर निदान दोष त्याच्यावर टाकता आला असता.

१. दफन लवकर करावं. मुलगा मस्कतहून येईपर्यंत मला बर्फात ठेवू नये. मशिदीच्या ट्रस्टींनी भाषणं करू नयेत. मशिदीतल्या ज्या खोलीत बसून मी उभं आयुष्य लोकांच्या धर्माबद्दलच्या शंकांना उत्तरं दिली, तिथे त्यांनी एसीचं सामान ठेवलं आणि मला म्हणाले, "हजरत, आता पब्लिक मोबाईलवर विचारते ना!" खरंच विचारते. मोबाईल चुटकीसरशी उत्तर देतो. पण विचारणाऱ्याच्या घरी म्हातारी आई आहे का, हे तो विचारत नाही.

२. माझी अरबी-उर्दू पुस्तकं दापोलीच्या मदरशाला द्यावीत. घेतो म्हणालेत. वाचणार का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

३. आता घर. आमची चाळ पुनर्विकासात गेली आणि बिल्डरने आम्हाला वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांत फिरवलं. नव्या घराची चावी गेल्या रमजानमध्ये हातात आली. त्याच्या थोडंच आधी माझा आजार कळला होता. पत्नी हयात नाही. वारस दोनच, मुलगा मुदस्सर आणि मुलगी तस्नीम. शरियतप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक.

हा नियम मी कितीतरी घरांत समजावून सांगितला. दरवेळी मुलग्यांना समोर बसवून बजावायचो, की दुप्पट वाटा फुकटचा नाही, बहिणीला सांभाळायची जबाबदारी त्याच्याबरोबर येते. ते मान डोलवायचे. वाट्यासाठी कोर्टात जाता येतं. जबाबदारीसाठी कुठे जायचं?

माझ्याच घरात उलटी गंगा आहे. तलाक झाल्यापासून तस्नीम माझ्याजवळ असते. एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये कामाला जाते. बिल्डरने भाडं थांबवलं तेव्हा ते तिने भरलं, आता मला उलटी झाली की भांडं तीच धरते. मुदस्सर मनाने वाईट नाही, पण त्याच्या डोक्यावर संसार आणि कर्ज आहे. मागे तोच म्हणाला होता, "घर विकून दोघांचे वाटे मोकळे करू या." तस्नीमच्या एका वाट्यात मरोळमध्ये मोरीसुद्धा येणार नाही.

४. म्हणून माझी इच्छा अशी, की हे घर पूर्णपणे तस्नीमला मिळावं. पण वारसाच्या नावे केलेलं मृत्युपत्र दुसऱ्या वारसाच्या संमतीशिवाय चालत नाही. धडधाकट असताना ताबा देऊन घर तिला बक्षीस दिलं असतं तर चाललं असतं, पण तेव्हा घराच्या जागी खड्डा होता. खड्ड्याचा ताबा कोणाला देणार? आणि मरणाच्या आजारात दिलेलं बक्षीस मृत्युपत्रासारखंच धरतात.

वकील म्हणाले, "मौलानासाब, कागदावर विकून टाका तिला. कोण बघतंय?" अशा पळवाटा मागायला येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवत आलो. आता स्वतःसाठी कुठल्या तोंडाने काढू?

तस्नीमने विचारलं, "अब्बा, नियमामागचा हेतू बघायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"हो."

"मग?"

हेतू मला स्वच्छ दिसतो. पण हेतूच्या नावाखाली मी लेकीला सगळं दिलं, तर उद्या दुसरा बाप तेच नाव घेऊन आपल्या लेकीचा एक वाटाही काढून घेईल. असे बाप मी पाहिले आहेत. हे मी तिला सांगितलं. "मग बसा तुमचा नियम घेऊन," ती म्हणाली आणि तिने गोळी माझ्या हातावर ठेवली. तिचं काही चुकलं नाही.

५. मुदस्सर फोनवर म्हणाला, "अब्बा, टेन्शन काय घेता? घर तिचंच. आत्ता सही करून व्हॉट्सॲपवर पाठवू का?" मी नको म्हटलं. माझ्या हयातीतला होकार धरत नाहीत. बापासमोर मुलगा भिडेपोटी हो म्हणतो, हे जुन्या विद्वानांना पक्कं ठाऊक होतं. होकार द्यायचा तो मी गेल्यावर, आणि नाही म्हणायची मोकळीकही तेव्हाच. काय झालं ते मला कळणार नाही. मला याची फार भीती वाटते.

मुदस्सर, तू नाही म्हणालास तर कोणीही मुफ्ती तुला चूक ठरवणार नाही. तू माझ्याकडे आला असतास तर मीही ठरवलं नसतं. फक्त उत्तर देण्याआधी काही दिवस या घरात तिच्यासोबत राहा. ही अट नाही. अट घालायचा मला अधिकार नाही.

६. साक्षीदार म्हणून शेजारी बेनेडिक्ट परेरा यांना बोलावलं. लिफ्ट बंद असताना मला खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हा खुर्ची एकीकडून त्यांनी धरली, दुसरीकडून तस्नीमने. वाचून म्हणाले, "सही करतो रे मौलाना, पण पोरीचं पुढे काय होणार ते तर सांग."

आयुष्यभर मला प्रश्न विचारले गेले. या एका प्रश्नाला मी म्हटलं, "मला माहीत नाही."

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

शमशुद्दीन इब्राहिम पेवेकर

साक्षीदार:
१. बेनेडिक्ट परेरा, मरोळ गाव
२. डॉ. संघमित्रा जाधव (सोबतचा दाखला यांचाच), मरोळ

स्थळ: मरोळ, अंधेरी पूर्व
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

कलम ४ बाबत मुदस्सर शमशुद्दीन पेवेकर याचं उत्तर (माझ्या दफनानंतरच लिहावं):

हो / नाही ....................