काडी विझत नाही

झोलानी दादा,

मी शेजारच्या मादलोमो काकूंकडे त्यांच्या बिअरचा उरलेला चोथा विरजणासाठी मागायला गेलेय. आईने कधी कुणाकडे मागितला नव्हता. पण उद्या तिच्याच विधीला सगळं गाव बिअर प्यायला येणार, आणि आपल्या पिंपात एक बुडबुडा नाही. आई धरायची तशी पेटती काडी पिंपाच्या तोंडाशी धरली. आंबायला लागलं असतं तर लगेच विझली असती. बोट पोळेपर्यंत जळत राहिली.

आई गेल्यावर घर धुतलं, तेव्हा हे लाकडी पिंपही मी साबणाने खसाखसा घासलं होतं. मघाशी कुंपणापाशी काकूंना सांगितलं, तर त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, "अगं बये, तुझी आई ते नुसतं विसळायची. आधीची बिअर लाकडात मुरलेली असते, तीच पुढची आंबवते."

म्हणजे आईच्या हातचं जे काही उरलं होतं, ते मीच घासून नाल्यात सोडलं.

पिंपावरची घोंगडी बाजूला करून तू एकदा बघ. काडेपेटीत एक काडी ठेवलीय. मी यायच्या आत लाव. ती परत जळताना मला बघवणार नाही.

पुमेझा