एक कडवं, अर्धा मिनिट

उस्ताद, परवा मी पुन्हा एक ब्लॅक अँड व्हाइट रोल धुतला. तुमचा स्टुडिओ बंद झाल्यानंतरचा पहिलाच. क्रांती चौकाजवळच्या त्या गल्लीत आता मोबाईलच्या काचा बदलून देतात. तिथून जाताना माझी चाल अजूनही मंदावते, आणि तुम्ही आत असाल असं क्षणभर खरंच वाटतं.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा, बी.ए.ला दोनदा आपटलेला, डोक्यात शाळेच्या पुस्तकातल्या कविता. चमकत्या काट्यांचं घड्याळ आपल्या डार्करूममध्ये नव्हतं. मिट्ट काळोखात, ट्रेमधल्या डेव्हलपरच्या रसायनातून फिल्म खालीवर करत मी कविता म्हणायचो. एक कडवं म्हणजे अर्धा मिनिट. सोळा कडव्यांत फिल्म तयार. पडद्याबाहेरून तुम्ही विचारायचात, "शायर, कितवं कडवं?" मी म्हणायचो, "नववं, उस्ताद." "मग गिऱ्हाइकाला चहा सांगतो."

आणि मग ते देवगाव रंगारीचं लग्न. बौद्ध कुटुंब, भर दुपारचं ऊन, झाडून सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी मी नदीची कविता म्हणत होतो. त्यातलं एक कडवं जिभेवर असं रेंगाळलं, की ते किती वेळा म्हटलं माझं मलाच कळलं नाही. फिल्म नको तितकी शिजली. प्रिंट काढले तर साड्यांना चुणी नाही, काठ नाही. कोरा कागद कापून चिकटवावा तशा बाया उभ्या. नवरीचा बाप फोटो बघून म्हणाला, "ओ फोटोवाले, माझ्या पोरीच्या लग्नात भुतं आल्ती का?" तुम्ही मान खाली घातली. "चूक माझी हाय. डेव्हलपर कडक पडला." तो गेल्यावर माझ्याकडं वळलात. "कविता गोड लागली म्हणून फिल्म थांबती व्हय? त्या माणसाला लग्न दुसऱ्यांदा लावता येत नाय." आवाज चढवला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. उद्यापासून येऊ नको, एवढंच ऐकायचं बाकी आहे असं धरून मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर तुम्ही तराजूवर डेव्हलपरच्या पुड्या मोजताय आणि माठातलं गार पाणी बाटलीत दुपटीनं ओतताय. "आजपासून डेव्हलपर निम्मा पातळ. बत्तीस कडवी लागतील. पर एखादं कडवं इकडंतिकडं झालं तर फिल्म मरणार नाय. उजेडाच्या जागी हा लवकर दमतो, सावलीच्या जागी राबत राहतो. पांढऱ्या कपड्याला लई चांगला." मी म्हणालो, "उस्ताद, मी कविता म्हणायचंच सोडतो." तुम्ही वर न बघता म्हणालात, "सोडू नको. मग मी बाहेर बसून काय ऐकू?" माणसाचा स्वभाव बघून डेव्हलपर निवडणारा दुसरा कुणी मला पुढं भेटला नाही.

परवाचा रोल माझ्या नातीचा. दौलताबादला मैत्रिणीच्या लग्नात तिनं काढलेला. तेच दुपारचं ऊन, तेच पांढरे कपडे. आधीचे दोन रोल तिनं एकटीनं धुतले, दोन्ही बिघडले. "आजोबा, हा पण गेला तर कॅमेरा विकते," असं म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून मला ते खरं वाटलं. इंटरनेटवरून तिनं चार डेव्हलपरांची नावं वाचून दाखवली. एक बारीक दाण्याचा, एक रेखीव, एक झटपट, एक असा की तासभर हातच लावायचा नाही. मी तुमच्या पुड्या मागवायला लावल्या, फ्रिजच्या पाण्यात निम्म्यानं पातळ केल्या. आता फिल्मसाठी बंद डबा असतो, फिल्म एकदा आत भरली की काळोख लागत नाही. "टाइमर लावते मोबाईलवर," ती म्हणाली. मी म्हणालो, "मोबाईल बाहेर ठेव. आमचं घड्याळ तोंडात आहे." प्रत्येक कडव्याला मी डबा एकदा उलटा करत होतो आणि ती वही घेऊन टिपून घेत होती.

विसाव्या कडव्याला शब्द गेले, उस्ताद. जी कविता झोपेतही म्हटली असती, तिची पुढची ओळच नाही. डोळे मिटून डबा हातात धरून उभा राहिलो. किती वेळ, देव जाणे. मग पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरू केलं आणि अंदाजानं बारा मोजली. हीही गेली असंच धरून मी फिल्म खिडकीशी नेली. पण साड्यांची चुणी न् चुणी आलीय. नवरीच्या आईनं पदर तोंडाला लावलाय, त्या पदराचा काठसुद्धा दिसतोय. नातीनं फिल्म माझ्या हातातून घेऊन उजेडाला धरली. मग म्हणाली, "अजून दोन रोल आहेत माझ्याकडं."

संध्याकाळी तिची वही टेबलावर उघडी होती. बारीक अक्षरात लिहिलंय : विसाव्या कडव्याला डोळे मिटून स्थिर उभं राहायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. खाली दोन रेघा मारल्यात. तिला खरं सांगायला हवं, हे कळतं मला. हे पत्र कुठं जाणार नाही. तिला सांगण्याआधी तुम्हाला सांगून बघावं, म्हणून लिहायला बसलो.

आज दुपारी तिनं दुसरा रोल धुतला. विसाव्या कडव्याला डबा हातात घेऊन, डोळे मिटून, अगदी मनापासून उभी राहिली. मी समोर बसलो होतो. काही बोललो नाही.