चौकटीतला रेझ्युमे

मंगळवार, संध्याकाळ. नवागाम.

इच्छापोरच्या कंपनीत अर्ज करायची मुदत आज संपणार होती, आणि अर्ज भरताना त्यांच्या सॉफ्टवेअरला माझ्या रेझ्युमेत अनुभवच सापडत नव्हता. सापडणार कसा? झेरॉक्सवाल्यानं ताईच्या लग्नाच्या बायोडाटासारखी वेलबुट्टीची चौकट घालून सगळ्या मजकुराचं चित्र करून ठेवलेलं, सॉफ्टवेअरला अक्षरं वाचताच येईनात! वर पप्पांच्या हट्टाचं ‘नमो बुद्धाय’.

घाईघाईनं चौकट हटवली, माझा फोटोही हटवला. कापड तपासायचं माझं काम जाहिरातीतल्याच शब्दांत साधं टाईप केलं. आता सॉफ्टवेअरला सगळं सापडलं. मग वरची ती ओळही पुसली आणि अर्ज पाठवला.

“वर नमो बुद्धाय ठेवलं ना, बेटा?” पप्पांनी विचारलं.

“हो पप्पा.”

का खोटं बोलले? ती ओळ काढायला सॉफ्टवेअरनं कुठं सांगितलं होतं?