ब्रेकच्या पट्ट्यांवरची हळद

प्रिय शांतेचे बाबा,

'प्रिय' रीतीपुरतं लिहिलंय, हुरळून जाऊ नका. तुम्हाला जाऊन वर्ष झालं आणि आज तुमचा कधी नव्हे इतका राग आलाय, म्हणून लिहायला बसले. वर्षभर मोडून पडलेली तुमची मोटार बबन भाऊजींनी दुरुस्तीला काढली. अंगणात चाकं उघडली, तर ब्रेकच्या पट्ट्यांवर अजून हळद!

आठवतं? जुन्या गाडीला मागच्या दोनच चाकांना ब्रेक. तुम्ही हौसेनं नागपुराहून चारही चाकांचे नवे आणलेत आणि घरीच बसवायला घेतलेत. शांतेची वेणी घालून मी आले, एक पट्टी नुसती हातात घेतली, तर केवढ्यानं ओरडलात! "तेलाचा हात लावू नको, ब्रेक लागणार नाही!" चारचौघांत मला घरात पिटाळलंत.

पुढचं आज भाऊजींनी मान खाली घालून सांगितलं. सासूबाई वाटी घेऊन आल्या. नव्या नांगराला तेल-हळद, नव्या उखळाला तेल-हळद, मग ब्रेकला का नको? आणि तुम्ही पट्ट्या पुढे केल्यात! वरवर पुसल्यात आणि बसवल्यात. बायकोपुढे वाघ, आईपुढे शेळी! एकदा 'नाही' म्हणाला असतात, तर आज माझ्यावर ओरडायला तरी असतात हो!

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवरून उतरताना गाडी थांबलीच नाही, मोहाच्या झाडावर गेली. तेव्हापासून मी पांढऱ्या पायाची. "इच्या पायगुणानं माह्या पोराले खाल्लं," सासूबाई विहिरीवर सगळ्यांना सांगतात. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हे कोणी भरून द्यायचं? तुम्ही?

भाऊजी नव्या पट्ट्या बसवत होते. त्याच गाडीतून शांता त्यांच्याबरोबर आमगावला जायची होती. तेवढ्यात सासूबाई पुन्हा वाटी घेऊन हजर! भाऊजी तुमचेच भाऊ, जमिनीकडे बघत बसले. मी सासूबाईंचं मनगट धरलं.

"नाही."

"काऊन नाही? नव्या वस्तूले तेल-हरद नाही लावाची? तू कोण अडवून राहिली?"

सगळं ओठांवर आलं होतं. बोलले असते तर म्हातारी जागच्या जागी मेली असती. गिळलं. वाटी तेवढी काढून घेतली.

त्यांना मी हे कधीच सांगणार नाही, शब्द देते. पांढऱ्या पायाची तर पांढऱ्या पायाची. पण हा शब्द त्यांच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुम्हाला माफी नाही. आणि या घरात 'नाही' म्हणायचं तुमचं राहिलेलं काम आता मी करीन.

तुमची नव्हे,
शांतेची आई