खूण, खून नव्हे

३ मार्च
सायकल चोरीला गेली. भरदिवसा, जिन्याखालून. कुलूप मात्र कठड्याला शाबूत आहे. घाईत ते चाकातून घालायचं राहिलं असेल, पण कुलूप मी लावलं होतं, हे महत्त्वाचं.
बी.ए.ला असताना वडिलांनी घेऊन दिलेली. या घरात आले ती तिच्यासकट. तिच्यामुळे आजवर कोणाला 'मला जरा सोडता का' असं विचारावं लागलेलं नाही.
हे म्हणाले, सुटलो. म्हणजे गल्ली सुटली, असं लगेच सावरलं.
मी शांत आहे. कपबशी हातातून निसटली. समोरच्या भिंतीपर्यंत.

४ मार्च
पोलीस चौकी. हवालदाराने विचारलं, काही खून आहे का. म्हटलं, अजून नाही, आधी तो सापडू दे. हवालदार खुर्ची मागे सारून उभाच राहिला. मग उलगडा झाला, त्याला 'खूण' म्हणायचं होतं. बराच वेळ त्याच्याकडून 'ण' घोटून घेतला. शेवटपर्यंत 'न'च.
खुणा सांगितल्या. हिरवी, लेडीज. पुढच्या मडगार्डला पोचा: धाकटे भाऊजी, गुडघा. हँडल डावीकडे वाकलेलं: दूधवाला. बास्केट चेपलेली: वरच्या मजल्यावरचे वकील. हवालदार म्हणाला, बाई, ब्रेक नव्हते का? म्हटलं, लागत नाहीत. माणसं बाजूला होतात.

५ मार्च
निश्चय: चोराला मारायचं नाही. समजवायचं.
हवा भरायचा पंप पिशवीत ठेवला. पितळी आहे. समजवायला बरा.

६ मार्च, संध्याकाळ
भाजीबाजारात हिरव्या लेडीज सायकलवर एक गडी. समजावलं. खांद्यावर एकदा, मग पाठीत. सायकल त्याच्या बायकोची निघाली. ती मागेच भाजी घेत होती. तिनेही मला समजावलं. पिशवीत भोपळा होता.
माफी मागायचा प्रश्नच नाही. हिरवा रंग मुळात संशयास्पद.

७ मार्च
पाठ ठणकते आहे. जाऊ शेकायला आली. म्हणाली, ताई, जाऊ दे, देव बघून घेईल त्याला. म्हटलं, देवाच्या कामात फार दिरंगाई.
दुपारी उशी भिंतीला टेकवून थोडा सराव. कापूस बराच निघाला. हे आजपासून बाहेरच्या खोलीत झोपणार म्हणतात. उकडतं म्हणे.

९ मार्च, सकाळी
चौकीतून फोन! चोर सापडला. सरकारी दवाखान्यात आहे. म्हणजे पोलिसांनी आधीच हात साफ करून घेतला. माझ्यासाठी थोडा शिल्लक ठेवायला काय झालं होतं?
तरी जाते. पंप घेतला आहे. फक्त समजवणार.

त्याच दिवशी
पोलिसांनी बोटही लावलं नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. दांडा हातात आला. घंटा वाजवायला गेला, तीही हातात आली. खाली रसवंतीची तट्ट्याची नव्हे, चांगली दगडी भिंत.
डोक्याला पट्ट्या, दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये, एक पाय वर टांगलेला. पंप काढला, पण मारण्याजोगी जागाच सापडेना. सगळीकडे आधीच मारलेलं.
मला पाहून तो रडायलाच लागला. पुढचे दात नसल्याने नीट कळेना. म्हणाला, मावशी, ब्रेक का नाहीत हो? म्हटलं, विचारून नेली असतीस तर सांगितलं असतं.
सायकल व्हरांड्यात होती. पुढच्या चाकाचा आठ झालेला. भाऊजींचा पोचा कुठला आणि भिंतीचा कुठला, ओळखू येत नाही. जरा वेळ तिच्याजवळ उभी राहिले. डोळ्यांत दवाखान्याचं फिनेल गेलं.
हवालदार मागे आला. म्हणाला, आता तक्रार त्याची आहे, बाई. तुमच्यावर. नशीब वाचला, नाहीतर खून झाला असता. मी 'ण' सांगायला तोंड उघडलं. म्हणाला, या वेळी 'न'च.
फाटकापाशी हे स्कूटर घेऊन उभे. म्हटलं, मला जरा घरी सोडता का.
ऐकू आलं नाही म्हणाले. परत म्हण.
परत म्हटलं. पंप हातातच होता.